१,८०२ कबुलीजबाब: बास्क प्रदेशातलं चेटूक प्रकरण, १६०८ ते १६१४

स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सरहद्दीला खेटून सुगार्रामुर्दी नावाचं बास्क खेडं आहे, म्हणजे स्वतःची वेगळी भाषा असलेल्या बास्क लोकांचं. शेती, मेंढरं, गावाशेजारी एक मोठी गुहा आणि तिच्यातून वाहणारा ओढा. १६०८ च्या डिसेंबरात इथे एका तरुण मुलीने एक गोष्ट सांगितली. सहा वर्षांच्या आत त्या गोष्टीपायी स्पेनच्या इन्क्विझिशनला, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या न्यायव्यवस्थेला, आपले नियम नव्याने लिहावे लागले. पण त्याआधी सहा जणांना जिवंत जाळलं गेलं, तुरुंगातल्या साथीत त्याहून जास्त माणसं दगावली, आणि हजारांवर पोरांनी आपण रात्री सैतानाकडे उडत जातो असं शपथेवर सांगितलं.

या लेखात अधिकाऱ्यांची आणि विद्वानांची नावं आहेत. गावकऱ्यांची मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत. ती उपलब्ध आहेत, पण ती न घेण्याचं कारण प्रकरणातच दडलेलं आहे. ते पुढे येईल.

पार्श्वभूमी

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात चेटकीण ठरवून मारलेल्यांची संख्या साधारण ४० ते ६० हजार धरली जाते. त्यातला मोठा वाटा जर्मन भाषिक मुलखाचा. स्पेनचं इन्क्विझिशन या बाबतीत, ऐकायला विचित्र वाटेल, पण बरंच सावध होतं. १५२६ साली ग्रॅनडात दहा धर्मपंडितांना बसवून विचारलं गेलं: चेटकिणी सैतानाच्या मेळ्याला खरोखर जातात, की तसा त्यांना भास होतो? मतं पडली सहा विरुद्ध चार. सहा जण म्हणाले, खरोखर जातात. चौघांनी भास म्हटलं. म्हणजे प्रश्न वरच्या पातळीवरच अर्धवट उघडा राहिला होता. १५३८ मध्ये तर इन्क्विझिशनच्या मध्यवर्ती मंडळाने, म्हणजे 'सुप्रेमा'ने, चेटकिणींवरच्या प्रसिद्ध लॅटिन ग्रंथात लिहिलेलं सगळंच खरं धरू नका, अशी ताकीद आपल्या न्यायाधीशांना दिली होती.

इन्क्विझिशन म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. ते न्यायाधिकरण पोर्तुगीजांचं, १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षांचा खंड. तिथे मुख्य रोख बाटलेल्या लोकांनी जुने रीतिरिवाज पाळण्यावर होता. १७३६ च्या फर्मानात तर दारात तुळस लावायलाही बंदी होती. स्पेनमध्येही तसंच. ज्यू आणि मुसलमान धर्मांतरितांवर पाळत ठेवणं हे नेहमीचं काम, चेटूक हा किरकोळ विषय. सुगार्रामुर्दीचा मुलूख लोग्रोन्यो शहरातल्या न्यायाधिकरणाच्या हद्दीत येई. १६०९ मध्ये चेटकिणींचं प्रकरण टेबलावर आलं तेव्हा तिथल्या न्यायाधीशांना त्यामुळे अशा विषयाचा फारसा सराव नव्हता. हे लक्षात ठेवायला हवं. सराव नसला की माणूस पुस्तकाकडे धावतो, आणि पुस्तकं सगळी फ्रान्स-जर्मनीकडच्या वळणाची.

सरहद्दीपलीकडेही बास्क लोकच राहतात. १६०९ मध्ये फ्रान्सच्या राजाने पिएर द लांक्र या बोर्दोच्या न्यायाधीशाला तिथे चेटकिणी हुडकायला पाठवलं. त्याने काही महिन्यांत अनेकांना जाळलं. माणसं डोंगर ओलांडून अलीकडे पळाली, आणि माणसांबरोबर गोष्टीही आल्या. आपल्या प्रकरणातली मुलगी मात्र त्याच्या थोडी आधीच परतली होती. वय वीसच्या आसपास, काही वर्षं पलीकडच्या गावात चाकरीला होती. तिने सांगितलं: मी तिकडे चेटकिणींच्या मेळ्यात होते, आता त्यातून सुटले. आणि हो, इथल्या मेळ्यातही आले होते, तेव्हा अमुक-अमुक तिथे दिसले.

बास्क भाषेत चेटकिणीला सोर्गिन म्हणतात. आणि मेळ्यासाठी जो शब्द पुढे जगभर गेला तो आकेलार्रे, म्हणजे बोकडाचं कुरण.

पहिला निर्णय: गावाने मिटवलं होतं

मुलीने बोट दाखवलं ते बावीस वर्षांच्या एका विवाहितेकडे. ती आधी चिडली, मग समोरासमोरच्या वादात तिचा धीर सुटला, भोवळ आली, आणि शुद्धीवर आल्यावर तिने कबूल केलं. मावशीने शिकवलं, म्हणाली. पुढचे दिवस चमत्कारिक गेले. गावकरी एकमेकांच्या घरात शिरून बेडूक शोधू लागले, कारण चेटकिणी कपडे घातलेले बेडूक पाळतात असा समज होता. आळ आलेल्यांना दटावलं, धमकावलं गेलं. शेवटी त्यांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर कबुली दिली आणि क्षमा मागितली. शेजाऱ्यांनी क्षमा केली.

प्रकरण इथे संपलं असतं. कबुली खोटी होती, भीतीपोटी होती, तरी गावाला एकत्र नांदायचं होतं आणि त्यासाठीची रीत गावाला ठाऊक होती. आपल्याकडेही गावकीत असे समेट होत आले आहेत: सत्य काय ते बाजूला राहतं, पाण्याचा वाद मिटतो. हे न्याय्य होतं असं मी म्हणत नाही, पण त्यात कुणी मेलं नव्हतं.

मग बातमी लोग्रोन्योला पोचली. न्यायाधिकरणाने माणूस पाठवून चौकशी केली आणि १६०९ च्या जानेवारीत चौघांना धरून नेलं.

त्यानंतर जे घडलं ते या प्रकरणातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं वळण वाटतं. गावातले आणखी सहा जण आपण होऊन लोग्रोन्योला निघाले. थंडीचे दिवस, दीडशे किलोमीटरहून जास्त वाट, डोंगराळ मुलूख. त्यांना न्यायाधीशांना एवढंच सांगायचं होतं: चर्चमधली कबुली खरी नव्हती, आम्ही घाबरून बोललो. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि सहाही जणांना कोठडीत टाकलं. त्यांचा तर्क असा, की हे सैतानाच्या सांगण्यावरून कबुली फिरवायला आले आहेत.

निरपराध माणूस आपण होऊन दारात येईल ही शक्यताच त्यांच्या मांडणीत नव्हती. आला तर गुन्हेगार, न आला तर फरार.

अडचण: कबुलीला पुरावा कबुलीचाच

लोग्रोन्योला तेव्हा दोन न्यायाधीश होते, आलोन्सो बेसेरा आणि हुआन देल वाये. जून १६०९ मध्ये तिसरा आला, आलोन्सो दे सालाझार फ्रियास. (गोव्याच्या माणसाला सालाझार म्हटलं की भलताच माणूस, विसाव्या शतकातला पोर्तुगालचा हुकूमशहा, आठवेल. हा तो नव्हे, हा त्याच्या तीनशे वर्षं आधीचा.) जन्म १५६४, बुर्गोसचा, चर्चच्या कायद्यात मुरलेला वकील.

माद्रिदच्या सुप्रेमाला आपली जुनी सावधगिरी आठवत होती. मार्च १६०९ मध्ये तिने चौदा प्रश्नांची यादी पाठवली. प्रश्न चांगले होते. मेळ्याला जाताना देहाने जाता की झोपेत? घरापासून जागा किती लांब, जायला किती वेळ लागतो? वाटेत कुणी भेटतं का? तिथून घंटा, कोंबडे, कुत्री ऐकू येतात का? मलम लावल्याशिवाय जाता येतं का? आणि आरोपीच्या शेजारी निजणाऱ्यांना विचारा, की ती रात्री अंथरुणात होती की नव्हती.

कागदावर एवढी शहाणी प्रश्नावली असूनही ती फसली. कारण ती विचारायची कुणाला, तर ज्यांनी आधीच कबूल केलंय त्यांना. आणि विचारायची कुठे, तर कोठडीत, जिथे महिनोन्महिने एकत्र ठेवलेले कैदी, एकच दुभाषा आणि तेच न्यायाधीश होते. बरेच आरोपी फक्त बास्क बोलत. न्यायाधीशांना बास्क येत नव्हतं. जबानी स्पॅनिशमध्ये उतरत होती आणि उतरताना तिला न्यायाधीशांच्या पुस्तकाचा आकार येत होता. उत्तरं एकमेकांशी जुळली की बेसेरा आणि वाये म्हणत, बघा, सगळ्यांचं एकच म्हणणं आहे. एकाच विहिरीतून दहा बादल्या काढायच्या आणि पाणी सारखं लागतंय म्हणून नवल करायचं, तसला हा प्रकार.

दुसरी गोम शिक्षेच्या रचनेत होती. इन्क्विझिशनच्या पद्धतीत जो कबूल करून पश्चात्ताप दाखवेल त्याला सामान्यतः चर्चमध्ये परत घेतलं जाई. जो शेवटपर्यंत नाही म्हणेल तो 'निगरगट्ट', त्याला आग. म्हणजे खोटं बोलणारा जगणार आणि खरं धरून बसणारा मरणार.

नोव्हेंबर १६१० मध्ये, ७ आणि ८ तारखेला, लोग्रोन्योत जाहीर शिक्षेचा सोहळा झाला. हजारोंनी माणसं लोटली. अकरा जणांना अग्नीची शिक्षा. त्यातले पाच आधीच तुरुंगात मेले होते, त्यांचे पुतळे आणि अस्थी जाळल्या. सहा जिवंत. ते सहाही जण आम्ही चेटूक केलेलं नाही यावर शेवटपर्यंत ठाम राहिले.

सालाझारची सही या निकालांवर आहे. एका बाईच्या बाबतीत त्याने पुरावा अपुरा म्हणून वेगळं मत दिलं, बाकी ठिकाणी तो सोबत गेला. त्याला नायक करताना हे विसरता कामा नये.

आगीनंतर भडका

न्यायाधिकरणाचा अंदाज होता की एवढ्या मोठ्या शिक्षेने विषय संपेल. झालं उलट. सोहळ्यात निकाल तपशीलवार वाचून दाखवले होते: मेळा कुठे भरतो, सैतान कसा दिसतो, मुलांना कसं नेतात, पिकावर कसली पूड टाकतात. लवकरच लोग्रोन्योच्या एका छापखान्याने त्याची पुस्तिका काढली. धर्मोपदेशक गावोगाव जाऊन तेच सांगू लागले. ज्या गावांत या गोष्टी कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या, तिथल्या पोरांना आता अख्खं कथानक पाठ झालं होतं.

आणि मुख्यतः पोरंच. रात्री अमकी काकू येते, मला उचलून नेते. आईबाप हादरले. व्हेरा गावच्या पाद्र्याने पोरांना आपल्या घरी निजवायला सुरुवात केली, रात्रभर पहारा. सकाळी पोरं सांगत, काल पण नेलं होतं. पहारा असूनही नेलं, म्हणजे पोराला स्वप्न पडलं असेल असा विचार कुणी करत नव्हतं. म्हणायचे, सैतान अंथरुणात खोटा देह ठेवून जातो. अशा युक्तिवादाला हरवता येत नाही. जो जो पुरावा विरुद्ध जाईल तो तो त्याच्याच पोटात जातो.

गावांमध्ये आता समेटाची भाषा उरली नव्हती. आळ आलेल्या बायकांना बांधलं, मारहाण केली, काहींचा त्यात जीव गेला.

कोणते पर्याय होते

१६११ च्या सुरुवातीला सुप्रेमासमोर ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

पहिली, बेसेरा-वायेंची: आणखी धरपकड, आणखी खटले. त्यांच्या हिशेबाने संशयितांचा आकडा इतका वाढला होता की अर्धे डोंगर तुरुंगात घालावे लागले असते. सुप्रेमाला खर्चाचीही काळजी होती. सरकारी कचेरीत शहाणपण पुष्कळदा खर्चाच्या रकान्यातून आत येतं, त्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट पाम्पलोनाचे बिशप वेनेगास सुचवत होते. त्यांनी आपल्या हद्दीत स्वतः चौकशी केली होती आणि हे सगळं भीती, लालूच आणि दबाव यांतून उभं राहिलं आहे असं त्यांचं मत झालं होतं. एका जेझुइट पाद्र्यानेही गावांत फिरून पाहिलं. पोरांना कबुलीसाठी धाक घातला जातो, मोठ्यांना छळलं जातं, हे त्याने कळवलं. विद्वान पेद्रो दे व्हालेन्सियाने छापील पुस्तिका वाचून महानिरीक्षकांना, म्हणजे इन्क्विझिशनच्या प्रमुखांना, लांबलचक टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं, या कथांना साधी, मानवी कारणं आधी तपासा, आणि असला मजकूर लोकांपुढे जाहीर वाचणं हेच घातक आहे.

तिसरी वाट मधली. 'क्षमेचं फर्मान' काढायचं: ठराविक मुदतीत जो येऊन कबूल करेल त्याला शिक्षा नाही, जप्ती नाही. एक न्यायाधीश ते घेऊन गावोगाव जाईल. महानिरीक्षक बेर्नार्दो दे सांदोवाल यांनी ही वाट निवडली आणि काम सालाझारवर सोपवलं.

एक गोष्ट तेव्हाच दिसायला हवी होती. क्षमेच्या फर्मानानेही कबुलीलाच बक्षीस मिळणार होतं. 'मी काही केलंच नाही' म्हणणाऱ्याला त्यात जागा नव्हती. सालाझारला हे बहुधा वाटेत उमगत गेलं.

काय केलं

२२ मे १६११ ला तो निघाला आणि जानेवारी १६१२ मध्ये परतला. साडेसात महिने. नवारा, गिपुस्कोआ, आलावा या उत्तरेकडच्या मुलखांतल्या डोंगरी गावांत मुक्काम. सोबत कारकून आणि बास्क जाणणारे दुभाषे. परत आला तेव्हा जवळजवळ अकरा हजार पानांचे कागद होते.

त्याचा हिशेब वकिलाचा आहे. एकूण १,८०२ जणांचं प्रकरण हाताळलं. त्यातली १,३८४ मुलं: बारा वर्षांखालच्या मुली, चौदा वर्षांखालचे मुलगे. मोठ्यांपैकी २९० जणांना चर्चमध्ये परत घेतलं, ४१ जणांनी सौम्य संशयावरून पाखंड सोडल्याची शपथ घेतली, सहा जण पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडलेले. आणि ८१ जणांनी आपली आधीची कबुली मागे घेतली.

पण कबुल्या मोजण्यापुरतं काम थांबलं नाही. त्याने कबुलीबाहेर काय आहे ते पाहायला सुरुवात केली. या प्रकरणाचा गाभा मला तिथे दिसतो.

सान्तेस्तेबानला मुलांनी सांगितलं होतं की सेंट जॉनच्या रात्री अमक्या जागी मेळा भरतो. सालाझारने आपले कारकून त्याच रात्री तिथे पाठवले. त्यांना काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही.

मेळ्याच्या जागा तपासायच्या म्हणून ३६ जणांना निवडून नऊ ठिकाणांबद्दल एकेकट्याने विचारलं: कुठून आलात, कुठे उभे राहिलात, सैतान कुठे बसला होता. बहुतेक ठिकाणी उत्तरं एकमेकांना छेदत होती. कोठडीत जी उत्तरं जुळत होती ती कुरणावर उभं राहून जुळेनात.

चेटकिणींची मलमं आणि पुडी म्हणून लोकांनी मडकी आणून दिली होती, बावीस. त्यातला माल वैद्यांना आणि औषध विकणाऱ्यांना दाखवला, जनावरांना खाऊ घातला. जनावरं ठणठणीत. खुद्द आणणाऱ्यांनी मान्य केलं की सुटका व्हावी म्हणून आम्हीच काहीबाही कालवून दिलं.

सैतानाने आपल्याला भ्रष्ट केलं असं सांगणाऱ्या मुलींची सुइणींकडून तपासणी झाली. तसं काही झालेलं नव्हतं. आजच्या नजरेने ही तपासणी म्हणजे स्वतःच एक अत्याचार आहे, हेही नोंदवलं पाहिजे.

मार्च १६१२ मध्ये त्याने अहवाल दिला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: एकही चेटूक खरोखर घडलं असं मानायला मला काही सापडलेलं नाही. चेटकिणी स्वतःबद्दल जे सांगतात तेवढ्यावरून चेटूक झालं असं धरता येत नाही. बाहेरचा, ऐकणाऱ्या कुणालाही पटेल असा पुरावा हवा. आणि ते वाक्य, जे पुढे इतिहासकार पुन्हा पुन्हा देत आले: लोक त्याबद्दल बोलू आणि लिहू लागेपर्यंत तिथे ना चेटकिणी होत्या ना चेटूक झालेले.

सैतान नसतोच असं त्याने म्हटलेलं नाही. चर्चचा माणूस होता, तसं म्हणणं त्याला शक्य नव्हतं आणि बहुधा त्याला तसं वाटतही नव्हतं. त्याच्या पुस्तकात सैतान राहिला, फक्त त्याला साक्षीदार म्हणून बोलावणं त्याने बंद केलं.

सहकारी खवळले. सालाझारलाच सैतानाने झापड घातली आहे, असा त्यांचा सूर. दोन वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. या भांडणात सालाझारने १६१३ मध्ये स्वतःच्याच न्यायाधिकरणाच्या चुका लिहून कळवल्या: मागे घेतलेल्या कबुल्या नोंदल्या नाहीत, कबूल केलंस तर सोडू असं आमिष दाखवलं. आपल्या सहीच्या निकालांबद्दल असं लिहून देणारा अधिकारी कुठल्याही काळात विरळाच.

निष्पत्ती

२९ ऑगस्ट १६१४ रोजी सुप्रेमाने नवे नियम दिले. बहुतांश सालाझारच्या सूचना. पोर मेलं, पीक गेलं, जनावर आटलं असं कुणी म्हटलं तर आधी पाहा की ते नैसर्गिक कारणाने घडलं का. जबानी कुणाच्या दबावाने घेतली ते तपासा. कबुली मागे घेणाऱ्याला घाबरवू नका, त्याचं म्हणणं लिहून घ्या. आणि या विषयावर सगळ्यांनी गप्प राहा.

१६१० च्या शिक्षांबद्दलही निर्णय झाला. इन्क्विझिशनची शिक्षा झालेल्याचा झगा, नावासकट, त्याच्या गावच्या चर्चमध्ये पिढ्यान्पिढ्या टांगून ठेवायची रीत होती. या प्रकरणातल्या लोकांचे झगे टांगायचे नाहीत असं ठरलं. जाळलेली माणसं परत येणार नव्हती, पण त्यांची नावं भिंतीवर टांगली जाण्यापासून वाचली. म्हणून मीही इथे ती पुन्हा टांगलेली नाहीत.

यानंतर स्पेनच्या इन्क्विझिशनकडून चेटकिणी जाळणं जवळपास थांबलं. राजाच्या आणि स्थानिक न्यायालयांना मात्र हे नियम लागू नव्हते. कॅटलोनियात १६१८ ते १६२२ च्या दरम्यान स्थानिक न्यायालयांनी मोठ्या संख्येने बायकांना फाशी दिलं. सालाझारचा धडा एका खात्यापुरता राहिला, शेजारच्या खात्याने तो वाचलाच नाही.

हे आपल्याला कळलं कसं

लोग्रोन्योच्या न्यायाधिकरणाचं दप्तर नेपोलियनच्या युद्धात गेलं. उरला तो माद्रिदला पाठवलेला पत्रव्यवहार. गोव्याची गतही अशीच: इथलं बहुतेक दप्तर न्यायाधिकरण बंद झाल्यावर नष्ट केलं गेलं, आणि जे कळतं ते मुख्यतः लिस्बनला गेलेल्या याद्या आणि पत्रांवरून. जुलूम करणाऱ्या कचेरीने वरिष्ठांना धाडलेली नक्कलच इतिहासकाराच्या हाती लागते.

सालाझारचं महत्त्व विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री चार्ल्स ली या अमेरिकन इतिहासकाराने ओळखलं. १९६७ मध्ये गुस्ताव्ह हेनिंगसेन या डॅनिश लोकसंस्कृती अभ्यासकाला माद्रिदच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सालाझारचे कागद मिळाले, आणि १९८० मध्ये त्याचा ग्रंथ आला. त्याने या प्रकरणाची दिवसागणिक मांडणी केली. तोवर चेटकिणींचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण कबुलीजबाबांत जुन्या पंथाचे अवशेष शोधत, किंवा सगळं वेड म्हणून सोडून देत. हेनिंगसेनने अफवा गावागावांतून कशी चालत गेली ते नकाशावर दाखवलं.

त्याच्या मांडणीची मर्यादाही आहे. कागद न्यायाधिकरणाचे, म्हणून नायक न्यायाधिकरणातला. लू ॲन होम्झा या अमेरिकन इतिहासकाराने अलीकडे पाम्पलोनाची दुसरी दप्तरं पाहिली, राजाच्या न्यायालयाची आणि बिशपच्या न्यायालयाची. तिथे वेगळंच चित्र आहे. आळ आलेली कुटुंबं गप्प बसलेली नव्हती. त्यांनी बदनामीचे, मारहाणीचे दावे लावले, शेजाऱ्यांना आणि गावच्या अधिकाऱ्यांना कोर्टात खेचलं. म्हणजे सालाझार येऊन सोडवेल याची वाट न पाहता काही माणसं आपली लढाई आधीच लढत होती. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे लोग्रोन्योला चालत गेलेल्या त्या सहा जणांचा अर्थ लागतो. तो भाबडेपणा नव्हता. कोर्टात जाऊन नाव धुऊन काढता येतं हे त्या मुलखातल्या माणसांना माहीत होतं. चुकीच्या कोर्टाच्या दारात ते गेले, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

सुप्रेमाची प्रश्नावली मार्च १६०९ चीच आहे. तिच्यातला एक प्रश्न, शेजारी निजणाऱ्यांना विचारा, गावात जाऊन सहज तपासता आला असता. न्यायाधीश वाये त्याच वर्षी गावांत गेलाही होता, पण नवे आरोपी गोळा करायला. सालाझारने १६११ मध्ये जे केलं त्यातलं जवळपास सगळं दोन वर्षं आधी शक्य होतं.

निकाल जाहीर वाचण्याचा निर्णय तर पूर्णपणे न्यायाधिकरणाच्याच हातातला होता. शिक्षा एकदा दिल्यावर मजकूर गुप्त ठेवता आला असता, इन्क्विझिशन बाकी सगळं गुप्तच ठेवत असे.

१६११ मधला क्षमेचा मार्गही सदोष होता. १,८०२ पैकी फक्त ८१ जणांनी कबुली मागे घेतली. बाकीच्यांच्या कबुल्या खऱ्या होत्या असा याचा अर्थ होत नाही. सालाझारने स्वतःच लिहिलं आहे, की भीती नसती तर आणखी कितीतरी लोक मागे फिरले असते. कबुली मागे घेणं म्हणजे आपण शपथेवर खोटं बोललो हे मान्य करणं, आणि लोग्रोन्योत त्याची किंमत काय असते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. फर्मानात एक ओळ जास्त हवी होती: ज्याला काही कबूल करायचं नाही त्यानेही यावं.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवणं हा गुन्हा ठरवला आहे. दूध आटवण्याचा हा आळ त्या बास्क कागदांत जसाच्या तसा भेटतो. आपल्या कायद्यात आरोपी आळ घेणारा आहे, तिथे आरोपी आळ आलेली होती. सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बाईला आज पोलिसात जाता येतं. ती जाते का, आणि गेली तर ठाण्यातला हवालदार तिची फिर्याद घेतो का, हा पुढचा प्रश्न.

कारण सालाझारच्या कागदांत आलावातल्या एका बाईची नोंद आहे. तिने कबुली दिली होती, दुसऱ्यांची नावंही घेतली होती. मग तिला ते सोसेना. आपण निरपराध माणसांना गोवलं, ते मागे घ्यायचंय, म्हणून ती इन्क्विझिशनच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे गेली. त्याने तिला झापलं आणि हाकलून लावलं. तिने नदीत जीव दिला. कबुली मागे घेणाऱ्याचं म्हणणं लिहून घ्या, हे कलम ऑगस्ट १६१४ मध्ये आलं.